कापडाचा वॉर्ड आणि अठरा नंबरची खाट

बोरटेकच्या सूर्यभानचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. कुणाला खरं वाटत नसे. मूर्तिजापूरच्या एका ओव्हरसियरने एकदा चहाच्या पैजेवर टेप धरला होता. सूर्यभान वीस पावलं चालला आणि म्हणाला, पन्नास फूट. टेप पाहिला तर पन्नास फूट आणि वर बोटभर. सूर्यभान म्हणाला की ते बोटभर माझं नाही, चपलेचं आहे.

मंडप हा त्याचा धंदा. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं बोरटेक, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत ज्याच्या घरी लग्न निघालं त्याच्या घरी सूर्यभान आधी नुसता चालायला जायचा. सोबत सामान नाही की माणसं नाहीत. हात मागे बांधून, मान खाली घालून तो अंगणातून, खळ्यातून, शेजाऱ्याच्या वाडीतून फिरायचा. मग एका जागी उभा राहून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि सांगायचा की चुली इकडे, नवरीची खोली तिकडे, आणि ते निंबाचं झाड तोडू नका, त्याखाली तुमचे व्याही बसतील आणि खूश राहतील. ते खरंच खूश राहायचे.

त्याच्या मंडपात एक गोष्ट मात्र अशी असायची की ती आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या मंडपात नव्हती. म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्यांमागून तो कापडाची एक अरुंद गल्ली काढायचा, थेट संडास-मोरीपर्यंत. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती कनात वाटे. आतून माणूस उठला, गेला, आला, कुणाला पत्ता नाही. सूर्यभान म्हणायचा की म्हाताऱ्याला जेवण उशिरा मिळालं तरी तो रागावत नाही, पण लघवीला जाताना चारशे माणसांनी पाहिलं की तो तुमच्या घरी पुन्हा लग्नाला येत नाही. ही अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती. सातवीनंतर तो शाळेत गेलाच नाही.

असा हा माणूस तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका मंडपाच्या शिडीवरून पडला आणि उजव्या पायाचं हाड मोडून घेतलं. त्याला मूर्तिजापूरला आमच्या भागातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पायात सळई घातली. डॉक्टर चांगले होते, औषध चांगलं होतं. वॉर्ड मात्र एका जुन्या जिनिंगच्या कापसाच्या गोदामात होता. लांबच लांब, उंच पत्र्याचा, मधोमध मिठीत न मावणारे दगडी खांब. कापसाच्या गाठींना खांबांचा काही त्रास नसतो. माणसांना होतो. सिस्टरचं टेबल दाराशी, आणि अठरा नंबरची खाट शेवटच्या खांबाच्या आड. त्या खाटेवर सूर्यभान.

खाटेवर पडल्या पडल्या त्याने पहिल्या दिवशीच सगळं मोजून टाकलं. संडासपर्यंत सत्तावीस पावलं. धरायला काही नाही. फरशी गुळगुळीत.

आणि वॉर्डाची सिस्टर होती भावना, आमच्याच गावची, धर्मपालची मुलगी. धर्मपाल आणि सूर्यभान लहानपणापासूनचे सोबती. कबड्डीच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारायच्या त्या दोघांनीच, एकाने दोरी धरायची आणि दुसऱ्याने पांढरी भुकटी सोडायची. भावनाच्या लग्नाचा मंडप सूर्यभानने घातला होता आणि पाठवणीच्या वेळी धर्मपालपेक्षा तोच जास्त रडला होता. आमच्याकडे गावची लेक म्हणजे सगळ्या गावाची लेक, मग घर कोणत्याही बाजूचं असो. ती दिसली की म्हातारी माणसंसुद्धा टोपी सारखी करतात.

आता सांगा, अशा लेकीला लघवीचं भांडं आण म्हणून कसं सांगायचं?

पाच दिवस वॉर्डबॉयने निभावून नेलं. सहाव्या दिवशी दुपारी वॉर्डबॉय जेवायला गेला होता. भावना टेबलाशी काहीतरी लिहीत होती. सूर्यभानने बराच वेळ छताच्या पंख्याकडे पाहिलं, मग वॉकर ओढला आणि उठला. अठरा पावलं गेला. एकोणिसाव्या पावलाला पडला.

खुब्याला मार बसला. मुक्काम तेवीस दिवसांनी वाढला, आणि त्याचं पाऊल कायमचं बदललं. डावं अडीच फूट आणि उजवं दोन. ओव्हरसियरला कळलं असतं तर तोही हळहळला असता.

पडला त्याच संध्याकाळी ऑफिसातून एक बाबू कागद घेऊन आला. कसे पडलात, कुणाला बोलावलं होतं का, असं त्याने विचारलं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं कान देऊन ऐकत होती. लाज वाटली म्हणून बोलावलं नाही, हे सूर्यभानच्या तोंडातून निघेना. तो बोलून गेला की मी आवाज दिला होता, कुणी आलं नाही. बाबूने तसं लिहिलं आणि सूर्यभानने सही केली.

भावनाला कारणे दाखवा नोटीस निघाली. तिने उत्तरात एकच ओळ लिहिली, की मला आवाज ऐकू आला नाही. ते खरं होतं, पण कागदावर ते गुन्हा कबूल केल्यासारखं दिसलं. तिला वॉर्डातून काढून केसपेपरच्या खिडकीत बसवलं. सलाईन लावताना पेशंटशी गप्पा मारून सुई कधी टोचली ते कळू न देणारी ती बाई, नाव-गाव-वय लिहीत बसली. सूर्यभान तपासणीला गेला की ती खिडकीतून हटकून विचारायची, काका, पाय कसा आहे? सूर्यभान म्हणायचा, बरा आहे, आणि पुढे सरकायचा. दुखणं पायात नव्हतंच.

दोन वर्षं अशी गेली. मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ट्रस्टने नवा वॉर्ड बांधायचं ठरवलं. गोदामाशेजारच्या मोकळ्या मैदानात, चोवीस खाटांचा. भूमिपूजनाचा मंडप अर्थातच सूर्यभानकडे आला. तो आपल्या नव्या, लंगड्या पावलांनी मैदान मोजत होता, दोन पावलं म्हणजे साडेचार फूट असा हिशेब त्याने आता बसवला होता, तेव्हा आर्किटेक्ट ललित तिथे आला. शहरात राजापेठेत त्याचं ऑफिस. वय पस्तिशीचं, बोलायला मोकळा, आणि कामाला सच्चा. त्याने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि मंडप कुठे नको ते दाखवू लागला.

दाखवता दाखवता त्याला आपल्या वॉर्डाचं कौतुक आवरेना. त्याने म्हणे दवाखान्याच्या सगळ्या तक्रारी वाचून काढल्या होत्या. खांब एकही ठेवला नव्हता. सिस्टरचं टेबल मधोमध आणलं होतं, जिथून चोवीसही खाटा दिसतील. आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी घंटीचं बटण, वर लाल दिवा.

"हे सगळं एका पेशंटमुळे सुचलं," ललित म्हणाला. "अठरा नंबरची खाट होती. बिचारा हाका मारत राहिला, कुणाला ऐकूच गेलं नाही. म्हटलं, आता असं होऊ द्यायचं नाही."

सूर्यभानने नकाशावर वाकून पाहिलं. संडास कुठे आहेत ते त्याने विचारलं. ललितने वॉर्डाच्या पार टोकाला बोट ठेवलं. अठरा नंबरपासून चोवीस पावलं होती.

त्या दिवशी सूर्यभान घरी आला तो जेवायला बसून नुसता भाकर कुस्करत राहिला. आशाबाई, त्याची बायको, पस्तीस वर्षं त्याच्या मंडपाच्या कनाती शिवत आली आहे. कुठे शिवण उसवली आहे हे तिला लांबून दिसतं. तिने आधी ओला हरभरा भाजून पुढे ठेवला, मग काय झालं ते एकदाच विचारलं. तिसऱ्या मुठीला त्याने आपणहून सगळं सांगितलं. आवाज दिलाच नव्हता, हेही.

आशाबाईने टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "तुमच्या उशाशी घंटी असती, तर तुमी दाबली असती काय?"

"भावनाले बलवाले? नाई."

"मंग ह्या चोवीस घंट्या कोनासाठी लावून रायले ते?"

सूर्यभानच्या एका खोट्या सहीवरून चार भिंती उभ्या राहणार होत्या, आणि संडास पुन्हा तिथेच, चोवीस पावलांवर. उद्या त्याच्यासारखाच कुणी लाजरा म्हातारा बटणाकडे पाहत पडून राहील आणि मग गुपचूप उठेल.

दुसऱ्या दिवशी तो खरं सांगायला दवाखान्यात गेला. ऑफिसला जायची वाट केसपेपरच्या खिडकीवरून होती. त्याला वाटलं आधी भावनाला सांगावं. तो रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा तिने हसून विचारलं, कशासाठी कागद काढू काका? सूर्यभान म्हणाला, हाडासाठी. कागद घेतला, डॉक्टरकडून पाय दाबून घेतला, दोन गोळ्या घेतल्या आणि घरी आला. आशाबाईने गोळ्या पाहिल्या आणि फळीवर ठेवून दिल्या.

मग त्याने त्याला जमत होतं ते केलं. ललितला फोन लावला आणि म्हणाला की भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी ट्रस्टचे लोक नकाशावर सह्या करायला येणार आहेत ना, त्यांच्यासाठी मी तुमचा वॉर्ड कापडाचा उभा करून दाखवतो. जेवढ्याला तेवढा. ललितला आधी गंमत वाटली, मग तो एकदम गंभीर झाला आणि म्हणाला की मोठ्या शहरात असं करतात, पण त्याला फार खटाटोप लागतो. सूर्यभान म्हणाला की खटाटोप कसला, लग्नाचं सामान पडलेलंच आहे. मनात त्याचा बेत असा, की लोकांनी चालून पाहिलं की त्यांना आपोआप कळेल. आपलं बोलणं वाचेल.

दोन दिवस तो आणि त्याचा जुना जोडीदार बुधाजी खपले. आधी फक्कीच्या रेघा. मग लोखंडी पाईप, पाईपांवर पांढरं कापड, दारांच्या जागी फटी. गावातून सतरा बाजा आल्या, उरलेल्या सात जागी जेवणाची टेबलं जोडली. बटणांऐवजी आमच्या बैलांच्या गळ्यातल्या पितळी घंट्या काढून एकेका बाजेच्या डोक्याशी टांगल्या. बैल दोन दिवस मुके फिरले. बुधाजी बाज डोक्यावर घेऊन येताना म्हणाला, "सूर्यभान, लग्न तर मोठं हाये, पन नवरी दिसून नाई रायली."

सह्यांच्या दिवशी दुपारी ट्रस्टची सगळी मंडळी आली. अध्यक्ष खुशालराव, वय अठ्ठ्याहत्तर, शंभर एकरांचे मालक, धोतर इस्त्रीचं. लोक त्यांना बापूसाहेब म्हणतात. सिस्टर आल्या, मावश्या आल्या, आणि खिडकी अर्धा तास बंद करून भावनाही आली. कापडाच्या भिंती वाऱ्याने हलत होत्या आणि मैदानात एक वॉर्ड उभा होता.

मजा आली. ज्या बायांनी नकाशा चार वेळा पाहून काही नाही म्हटलं होतं, त्या आता बोलायच्या थांबेनात. एका मावशीने स्ट्रेचर आणलं आणि दारातून वळवून दाखवलं, वळलं नाही, पाईप पडला. ललितने तिथेच नकाशावर दार रुंद केलं. दुसरी म्हणाली की पेशंटसोबत गावाहून तीन माणसं येतात, ती काय खाटेखाली बसतील? ललितने डोकं खाजवलं आणि भिंतीला लागून बाक काढला. भावनाला कुणीतरी मधल्या टेबलाशी बसवलं. तिने मान फिरवून चोवीसही खाटा पाहिल्या. दोन वर्षांनी ती सिस्टरच्या टेबलाशी बसली होती. सूर्यभानने ते पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

घंट्यांचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं. जो तो वाजवून पाहू लागला. संडासाबद्दल मात्र कुणी काही बोलेना. बोलणार कसं? सगळी धडधाकट माणसं, टोकापर्यंत गेली, कनात उचलून पाहिली, ठीक आहे म्हणाली आणि परत आली.

सह्यांसाठी पेन निघालं. सूर्यभान पुढे झाला आणि खुशालरावांना म्हणाला की बापूसाहेब, सहीच्या आधी एकदा पेशंट होऊन पाहा, अठरा नंबरवर. लोक हसले. खुशालरावांनाही हुरूप आला. ते टोपी काढून बाजेवर आडवे झाले. तेवढ्यात चहा आला, सगळ्यांनी घेतला, त्यांनी पडल्या पडल्या घेतला. त्याआधीचे दोन चहा होतेच. गप्पा सुरू झाल्या.

पंधरा मिनिटांनी खुशालराव हळूच उठून बसले. पायाने चपला चाचपू लागले. कुणाचं लक्ष नव्हतं. सूर्यभानचं होतं. ते टोकाकडे पाहत होते, त्या चोवीस पावलांकडे, आणि मग मधल्या टेबलाशी बसलेल्या भावनाकडे.

सूर्यभान जवळ गेला. "बापूसाहेब, पेशंटनं उठाचं नसते. घंटी काहून नाई वाजवली?"

खुशालराव दबक्या आवाजात म्हणाले, "येडा हायेस काय बे? लघवीले लागली म्हनून पोरीले सांगू? चारचौघांत?"

दबका असला तरी बापूसाहेबांचा आवाज तो. कापडातून सगळीकडे गेला. मावश्या पदरात तोंड घालून हसल्या, बुधाजी तर पाईप धरून हसला. हसणं ओसरलं तरी सूर्यभान तिथेच उभा होता. बोलणं वाचेल असं त्याला वाटलं होतं. वाचलं नव्हतं. आता बोललो नाही तर ही एक गंमत होऊन जाईल आणि सह्या होतील, हे त्याला दिसत होतं.

"तुमी नाई वाजवली, तशी मीनं बी नसती वाजवली," तो म्हणाला. "अठरा नंबरचा पेशंट मीच होतो. मी आवाज देल्लाच नव्हता. लाज वाटली, गावची लेक बसेल होती समोर. गुपचूप उठलो, पडलो, अन् खोटं लिहून देल्लं. भावनाची काई चूक नव्हती."

खुशालराव एका पायात चप्पल घालून तसेच बसले होते. ललितने पेन खिशाला लावलं.

भावना टेबलामागून उठली. ती रडेल असं मावश्यांना वाटलं होतं, आणि चिडेल असं सूर्यभानला. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, मी अकोल्याले जाऊन कान तपासून आली," ती म्हणाली. "दोनदा. टिंग वाजलं की हात वर कराचा. डॉक्टर म्हने कान चांगले हायेत. मले वाटे, तो डॉक्टरच खोटा असंल."

सूर्यभानने मान खाली घातली. मग त्याने खुशालरावांना हात दिला आणि टोकापर्यंत नेऊन आणलं. चोवीस पावलं जाताना, चोवीस येताना. परत येईपर्यंत संडास जवळच हवेत असं बापूसाहेबांचं मत झालं होतं.

पण ललित सहजी ऐकणारा नव्हता, आणि त्याचंही बरोबर होतं. संडास एका टोकाला ठेवले की पाण्याचे पाईप एका जागी राहतात, वास येत नाही, ओल पसरत नाही. खाटेखाटेला संडास दिला तर वॉर्डाची मोरी होईल, असं तो म्हणाला. सूर्यभानने वाद घातला नाही. त्याने बुधाजीला हाक मारली आणि दोघं पाईप उपटायला लागले. टोकाची कनात सोडली, बाहेरच्या भिंतीला लागून तिचे चार तुकडे उभे केले, दर सहा खाटांमागे एक. दार सिस्टरकडे तोंड करून नाही, बाजूला वळवलेलं. माणूस निघाला ते सिस्टरला दिसावं, पण तो कुठे शिरला ते साऱ्या वॉर्डाला दिसू नये. त्याच्या मंडपातली ती जुनी गल्ली, फक्त इथे तिला एक आडवा पाईप होता, खाटेपासून दारापर्यंत, हाताने धरत जायला. भावनाने पाईपाची उंची सांगितली. सूर्यभानने धरला होता त्याहून चार बोटं खाली, कारण आजारी माणूस वाकून चालतो. ललितने पाण्याचे पाईप आणि खिडक्या बाहेरच्या भिंतीत काढल्या, ओलीचं आणि वासाचं मिटलं. भूमिपूजन दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे झालं, पण सह्या झाल्या नाहीत. आठ दिवसांनी झाल्या, नव्या नकाशावर.

त्याच आठवड्यात सूर्यभानने ऑफिसात जाऊन दुसरा कागद लिहून दिला. बाबू तोच होता. या वेळी सूर्यभानने कागद आधी वाचला, मग सही केली.

वॉर्ड बांधायला चौदा महिने लागले. उद्घाटनाचा मंडप सूर्यभाननेच घातला, पण भाषणं सुरू झाली तेव्हा तो तिथे नव्हता. तो आत गेला होता. नवी फरशी खरखरीत होती, बाहेरच्या भिंतीतून ऊन आत आलं होतं, आणि पांढऱ्या चादरी घातलेल्या चोवीस खाटा माणसांची वाट पाहत होत्या. तो अठरा नंबरवर बसला, मग उठून आडव्या दांड्याला हात लावत दारापर्यंत गेला. डावं, उजवं, डावं, उजवं. सात पावलं. चांगल्या पायाची असती तर सहाच झाली असती.

मागे वळला तर मधल्या टेबलाशी भावना उभी. पांढरा कोट, छातीवर नवी पाटी. वॉर्ड तिच्याकडे परत आला होता. ती म्हणाली की काका, खाटेवर जा आणि एकदा बटण दाबा, माझं काम आहे.

सूर्यभान म्हणाला की मला काही नको आहे. ती म्हणाली की मला हवं आहे. आणि तिने त्याच्याकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड करून हात बांधून उभी राहिली.

सूर्यभान जाऊन बसला. बटण लहानसं होतं, बोटाखाली थंड लागलं. त्याने दाराकडे पाहिलं, कुणी येत नाही ना. मग दाबलं.

टेबलावर बारीक टिंग झालं. भावनाने वळून पाहिलं नाही. पाठमोरीच तिने एक हात वर केला.